वाचताना सगळं येतं, पेपरात आठवत नाही: माझी स्मरणशक्ती कमी झाली आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी सव्वीस-सत्तावीस वर्षांची आहे. तीन वर्षांपासून पुण्यात अभ्यासिकेत बसून राज्यसेवेची तयारी करते. आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासाचं जाड पुस्तक पाच वेळा वाचून झालंय. पान उघडलं की सगळं ओळखीचं वाटतं. पेपर हातात आला की दोन पर्यायांत अडकायला होतं, आणि मुख्य परीक्षेच्या सरावात कोरा कागद समोर आला की चार ओळींपुढे पेन सरकत नाही. लहानपणी पाठ केलेले तीसपर्यंतचे पाढे मात्र आजही येतात. "मग आता माझ्या मेंदूला झालंय काय? तपासणी करून घेऊ का? मैत्रीण म्हणते ब्राह्मीच्या गोळ्या सुरू कर."

मी बावीस वर्षं बोधनिक मानसशास्त्र, म्हणजे लक्ष, स्मृती, विचार यांचा अभ्यास, शिकवते आहे आणि आठवड्यातले तीन दिवस समुपदेशन करते. माझ्याकडे येणाऱ्यांत स्पर्धा परीक्षा देणारी मुलं-मुली भरपूर, त्यामुळे हा प्रश्न मी वेगवेगळ्या तोंडून ऐकत आले आहे. प्रत्यक्ष न भेटता कुणाच्या स्मरणशक्तीचं निदान करता येत नाही आणि ते मी करणार नाही. काय कशावर अवलंबून आहे ते पुढे येईलच. पण तुमच्या वर्णनातून एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. पाच वाचनांत तुम्ही ते पुस्तक ओळखायला शिकलात. ते आठवायचा सराव तुम्ही अजून केलेलाच नाही. परीक्षेत लागतं ते आठवणं, आणि २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून तर पदोपदी.

हे पटायला एक करून बघा. वीस रुपयांची हिरवट-पिवळी नोट तुम्ही रोज हाताळता, चहाला, रिक्षाला, झेरॉक्सला. पाकीट न उघडता सांगा, तिच्या मागच्या बाजूला कसलं चित्र आहे? वर्गात विचारते तेव्हा दोन-चार हात वर होतात आणि त्यातलेही काही चुकतात. चित्र वेरूळच्या लेण्यांचं आहे. आता नोट काढून बघितलीत तर "हो, हेच की!" असं वाटेल. ते "हेच की" म्हणजे ओळख. अमेरिकेत निकरसन आणि अ‍ॅडम्स यांनी १९७९ मध्ये लोकांना एक सेंटचं नाणं आठवून काढायला सांगितलं होतं. नाणं रोजच्या वापरातलं, तरी बहुतेकांना त्यावरच्या खुणा धड जागच्या जागी मांडता आल्या नाहीत. एखादी गोष्ट हजार वेळा डोळ्यांसमोरून गेली म्हणून ती लक्षात राहतेच असं नाही. आपण परीक्षेआधी "एकदा डोळ्याखालून घालते" म्हणतो ना, त्यात नेमकं एवढंच घडतं.

असं का होतं ते कळायला थोडं मागे, पाहण्याच्या क्रियेपर्यंत जावं लागेल. डोळा समोरचं जसंच्या तसं टिपतो आणि मेंदू ते साठवून ठेवतो, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात डोळे, कान आणि आणि त्वचा यांच्याकडून मेंदूला मिळणारी माहिती तुटक असते. हात लांब केला तर अंगठ्याच्या नखाएवढाच भाग डोळ्याला खरा स्वच्छ दिसतो, बाकी सगळं धूसर. उरलेलं चित्र मेंदू आधीच्या अनुभवावरून भरून काढतो. हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच सांगितलं होतं की पाहणं म्हणजे नकळत काढलेलं अनुमान असतं. कोजागिरीचा चंद्र उगवताना केवढा मोठा दिसतो, आणि मध्यरात्री डोक्यावर आला की लहान. हात लांब करून करंगळीच्या नखाने झाकून बघा, दोन्ही वेळा तो तेवढाच भरतो. डोळ्याच्या पडद्यावर पडणारी प्रतिमा बदललेली नसते. लहान-मोठं आपण ठरवलेलं असतं.

वरच्या परिच्छेदात मी "आणि" हा शब्द मुद्दाम लागोपाठ दोनदा लिहिला आहे. तो सुटला असेल तर वाईट वाटून घेऊ नका. सरावलेला वाचक अक्षर न् अक्षर वाचत नाही, पुढे काय येणार याचा अंदाज बांधत जातो. पाचव्या वाचनात हा अंदाज इतका पक्का झालेला असतो की नजर ओळींवरून नुसती घरंगळते. वाचणं सोपं होतं, आणि त्या सोपेपणालाच मन "मला हे येतं" असं समजतं. तुमची फसगत इथे होते आहे. आणि ती भल्याभल्यांची होते, कारण सोपेपणा आतून अगदी ज्ञानासारखाच वाटतो.

लक्षाचंही असंच. सायमन्स आणि शाब्री यांचा १९९९ चा प्रयोग तुम्ही कदाचित ऐकला असेल. चेंडू किती वेळा फेकला ते मोजायला सांगून लोकांना एक चित्रफीत दाखवली. मध्येच गोरिलाचा वेश केलेली व्यक्ती खेळाडूंमधून चालत गेली, छाती बडवून निघून गेली. जवळजवळ निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही. मन जे शोधत असतं ते त्याला दिसतं. म्हणून प्रकरण वाचायला घेण्याआधी त्यावर आयोगाने आजवर विचारलेले प्रश्न वाचा, मग पुस्तक उघडा. तेच पान वेगळं दिसतं. माझ्या मते शेवटी "सरावासाठी" ठेवलेले जुने प्रश्न खरे सुरुवातीला वापरायचे असतात.

आता स्मृती. तुम्ही तपासणीचं विचारलंत म्हणून हेन्री मोलेसन यांच्याबद्दल सांगते. अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून १९५३ मध्ये अमेरिकेत त्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा ते २७ वर्षांचे होते. दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस (नवीन आठवणी घडवणारा मेंदूचा भाग) आणि आसपासचा बराच भाग काढला गेला. झटके कमी झाले, पण त्यानंतर नवीन कुठलीही घटना त्यांच्या लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ त्यांना वर्षानुवर्षं तपासत होत्या. त्यांच्यासाठी त्या प्रत्येक भेटीत नव्याच. तरी मिल्नरबाईंनी त्यांना आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला शिकवली, तेव्हा दिवसागणिक त्यांचा हात सुधारत गेला. आपण हे आधी कधी केलंय याची आठवण मात्र नव्हती. २००८ मध्ये ते वारले. स्मरणशक्ती हा एकच हौद नसतो आणि तो अख्खा भरतो किंवा आटतो असं नसतं, हे या एका माणसामुळे जगाला कळलं. तुम्हाला काल कुणाशी काय बोलणं झालं, गेल्या परीक्षेचं केंद्र कुठे होतं, मेसच्या डब्याचे पैसे कधी दिले हे सांगता येत असेल, तर नवीन आठवणी तयार करणारी तुमची यंत्रणा काम करते आहे. तिच्यापर्यंत इतिहासाचं पुस्तक पोचत नाहीये, एवढंच.

पाढ्यांचा उल्लेख तुम्ही सहज केलात, पण मला तुमच्या प्रश्नातलं तेच सगळ्यात मोलाचं वाटलं. पाढे कसे पाठ झाले ते आठवून बघा. बहुतेक घरांत ते परवचा म्हणून झाले. दिवेलागणीला हातपाय धुऊन बसायचं, समोर पुस्तक नाही, मोठ्याने म्हणायचं. चुकलं की आजी स्वयंपाकघरातून दुरुस्त करायची. उद्या पुन्हा, परवा पुन्हा, वर्षभर. म्हणजे न बघता आठवणं होतं, चूक लगेच कळत होती, आणि मध्ये एक-एक दिवसाचं अंतर होतं. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत स्मृतीच्या अभ्यासकांनी ज्या गोष्टी प्रयोगांनी सिद्ध केल्या, त्यातल्या तीन मोठ्या गोष्टी त्या परवचात होत्या. लहानपणी तुमची स्मरणशक्ती फार तल्लख होती आणि आता बोथट झाली असं नाही. लहानपणी तुमची पद्धत चांगली होती.

परवचाला एक मर्यादाही होती. आता पटकन सांगा, सतरा सत्ते किती? बरेच जण मनातल्या मनात "सतरा एके" पासून निघतात. ज्या क्रमाने सराव झाला त्याच क्रमाने आठवण हाती येते. म्हणून प्रकरण नुसतं ओळीने पाठ करून भागणार नाही. प्रश्न मधूनच येतात, तर सरावही मधूनच व्हायला हवा.

न बघता आठवण्याने नेमका किती फरक पडतो? अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये हे मोजलं. विद्यार्थ्यांना उतारे दिले. काही उतारे त्यांनी दोनदा वाचले, काही एकदा वाचून मग कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचलेलं ८१ टक्के आठवलं, लिहून काढलेलं ७५ टक्के. म्हणजे लगेच बघाल तर वाचणंच सरस. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटलं: वाचलेलं ४२ टक्के, आठवून लिहिलेलं ५६ टक्के. याच संशोधनाच्या दुसऱ्या भागात उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना आपल्याला पुढेही छान आठवेल असा जास्त विश्वास होता, आणि आठवड्याने सर्वांत कमी त्यांनाच आठवलं. हे आकडे मी प्रत्येक नव्या बॅचला फळ्यावर लिहून दाखवते. पहिली काही वर्षं मीही मुलांना "अजून एकदा वाचून काढ" असंच सांगायचे. तो सल्ला चुकीचा होता आणि ज्यांना दिला त्यांची आठवण मला अजून बोचते.

माझ्याकडे एक मुलगा आला होता, पुस्तकात पाच रंगांच्या खुणा, समासात बारीक अक्षरांत टिपणं. मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं, कोरा कागद दिला आणि त्याच्या सगळ्यात पक्क्या प्रकरणावर दहा मिनिटं लिहायला सांगितलं. सात ओळी झाल्या. तो चिडला, म्हणाला, "मॅडम, येतं हो मला हे, फक्त आत्ता आठवत नाही." मी म्हटलं, परीक्षेतही "आत्ता"च असतं. तीन आठवडे त्याने रोज हाच खेळ खेळला: एक घटक वाचायचा, पुस्तक मिटायचं, आठवेल ते लिहायचं, मग पुस्तक उघडून लाल पेनाने सुटलेलं आणि चुकलेलं भरायचं. दुसऱ्या दिवशी नवीन काही सुरू करण्याआधी कालचं पुन्हा कोऱ्या कागदावर. मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी. तिसऱ्या आठवड्यात त्याच प्रकरणावर त्याने दोन पानं लिहिली.

तुम्हीही हेच करा. पहिला आठवडा जड जाईल, आधीच सांगून ठेवते. कागद बघून रडू येईल आणि वाटेल की वाचनातच बरी होते. आठवताना डोक्याला होणारा तो ताण टाळू नका. आठवण पक्की होते ती त्या ताणातूनच. रॉबर्ट बियॉर्क या अभ्यासकांनी अशा अडचणींना हव्याहव्याशा अडचणी म्हटलंय. किती दिवसांच्या अंतराने उजळणी करायची याचा ठरावीक आकडा नाही. परीक्षा दोन महिन्यांवर असेल तर अंतर कमी, वर्षावर असेल तर जास्त. थोडं विसरायला लागल्यावर आठवायचं, पूर्ण पुसून जायच्या आत.

सनावळ्यांचं दुखणं वेगळं आहे, त्यावर जरा थांबते. १९५६ मध्ये जॉर्ज मिलर यांनी लिहिलं की माणूस एका वेळी सातेक गोष्टी मनात धरू शकतो. २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी तो आकडा चारच्या आसपास आणला. पण "एक गोष्ट" केवढी असावी हे आपल्या हातात आहे. दहा आकडी मोबाइल नंबर आपण जोड्या-जोड्यांनी सांगतो तो म्हणूनच. आता प्रार्थना समाज १८६७, सार्वजनिक सभा १८७०, सत्यशोधक समाज १८७३. सुटे सुटे पाठ केलेत तर ते एकमेकांच्या पायात पाय घालतात, कारण सगळे सारखेच दिसतात. तीन-तीन वर्षांचं अंतर आहे हे एकदा दिसलं की तिघांची मिळून एकच गाठ होते. त्याहून घट्ट गाठ अर्थाची. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. १८६२ मध्ये तिथून पदवी घेतलेल्या पहिल्या तुकडीत रानडे आणि भांडारकर. तेच दोघे पुढे प्रार्थना समाजात. रानडे १८७१ मध्ये बदली होऊन पुण्याला आले आणि सार्वजनिक सभेच्या कामात शिरले. आणि त्याच पुण्यात १८४८ पासून मुलींना शिकवणाऱ्या जोतीरावांनी, या मंडळींपेक्षा फार वेगळ्या जागी उभं राहून, १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला. ही साखळी मनात असेल तर एखादं साल सुटलं तरी शेजारच्या कडीवरून ते पकडता येतं. क्रेक आणि टल्विंग यांनी १९७५ मध्ये दाखवलं होतं की शब्दाच्या अक्षरांकडे बघणाऱ्यांपेक्षा त्याच्या अर्थाचा विचार करणाऱ्यांना तो कितीतरी जास्त आठवतो. चालीत किंवा आद्याक्षरांत बसवलेल्या युक्त्या वाईट नाहीत. पण वर्णनात्मक उत्तरात दहा ओळींचं कारण लिहायचं असतं, आणि ते आद्याक्षरांतून निघत नाही.

दोन पर्यायांत अडकण्याबद्दल. आठवण दर वेळी नव्याने जुळवली जाते आणि जुळवताना बाहेरचं त्यात मिसळतं. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये लोकांना मोटार अपघाताची चित्रफीत दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना धडकल्या तेव्हा वेग किती होता. काहींना विचारलं, आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा किती होता. आठवड्याने सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? काच कुठेच नव्हती. पहिल्या ५० जणांतले ७ "हो" म्हणाले, दुसऱ्या ५० जणांतले १६. एका शब्दाने काच तयार केली. सराव चाचणीतले चुकीचे पर्याय तुमच्यावर हेच करतात. ते एकदा वाचले की ओळखीचे होतात, आणि महिन्याने ओळखीचं तेच खरं वाटतं. चाचणी देऊन उत्तरपत्रिका "रविवारी बघू" म्हणून ठेवू नका. त्याच दिवशी तपासा, आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाचं बरोबर उत्तर पूर्ण वाक्यात लिहा. नुसता क, ड लिहून चालणार नाही. पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात, तेव्हा "ओळखीचं वाटलं म्हणून टिक केलं" ही सवय सरळ महागात पडते.

परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग आता. हे सगळं मी तुमची झोप, जेवण आणि मन ठीक आहे असं धरून लिहिलंय. रात्री दोनपर्यंत अभ्यासिकेत आणि सकाळी सहाला पुन्हा जागा धरायला, असं चाललं असेल तर आधी ते थांबवा. झोपेत दिवसभराचं शिकलेलं पक्कं होतं. १९२४ मध्ये जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी दाखवलं की शिकून झोपलेल्यांना तेवढाच वेळ जागं राहिलेल्यांपेक्षा जास्त आठवतं. मेसच्या डब्यावर राहणाऱ्या मुलींना मी हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइड एकदा तपासून घ्यायला सांगतेच, कारण यातलं काहीही बिघडलं तरी थकवा येतो, लक्ष लागत नाही. दोन आठवड्यांहून जास्त मन उदास आहे, कशातच रस नाही, सारखं रडू येतं असं असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. त्या अवस्थेत कोरा कागद घेऊन बसण्याने फक्त अपराधीपणा वाढतो. ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, सकाळचं बोलणं दुपारी पूर्ण पुसलं जाणं असं काही होत असेल तर मेंदूविकारतज्ज्ञ. तुमच्या लिहिण्यात त्याची खूण मला दिसली नाही.

ब्राह्मीवर काही चाचण्या झाल्या आहेत, पण जे आठवायचा सराव झालेला नाही ते कुठलीही गोळी आठवून देणार नाही. घ्यायचीच असेल तर वैद्यांना विचारून घ्या आणि तिच्या भरवशावर उजळणी सोडू नका.

पाच वाचनं वाया गेली का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेलच. नाही गेली. हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच केलेल्या प्रयोगांत निरर्थक अक्षरं पाठ केली आणि मग ती पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजलं. एक दिवसाने सुमारे ३४ टक्के श्रम वाचत होते, आणि एक महिन्याने सुद्धा सुमारे २१ टक्के. ते काम निरर्थक अक्षरांचं होतं. तुमच्याकडे पाच वेळा वाचलेला अर्थपूर्ण इतिहास आहे. त्यामुळे पहिल्या कागदावर सात ओळी येतील, पण दुसऱ्या-तिसऱ्या कागदाला तुम्ही माझ्याकडे आलेल्या त्या मुलापेक्षा लवकर पोचाल असं मला वाटतं. सहावं वाचन सुरू करू नका. उद्या अभ्यासिकेत गेल्यावर पुस्तक पिशवीतच राहू द्या, कागदाच्या वर "सत्यशोधक समाज" लिहा, घड्याळात दहा मिनिटं लावा आणि आठवेल ते लिहायला लागा.